हाताच्या चेता आणि रक्तवाहिन्या: पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी टप्प्याटप्प्याने

फोंडा तालुक्यातील आमच्या घरी शरीराच्या निम्म्या तक्रारी ‘शीर’ या एका शब्दात मावत असत. मान आखडली की शीर धरली, पोटरीत गोळा आला की शिरेवर शीर चढली, आणि दवाखान्यात सलाईन लावताना परिचारिकेला सापडत नसे तीही शीरच. पुढे वैद्यकीय शिक्षणाला प्रवेश मिळाला. पहिल्याच अंतर्गत तोंडी परीक्षेत परीक्षकांनी चिमट्याने काखेतील एक दोरा उचलून ‘हे काय आहे?’ असे विचारले, तेव्हा माझ्या घाबरलेल्या तोंडून नेमका तोच शब्द बाहेर पडला. ‘कुठली शीर?’ हा त्यांचा पुढचा प्रश्न रास्त होता, आणि त्याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. आदल्या रात्री बाहूच्या चेताजालाची, म्हणजे नर्व्हच्या जाळ्याची, आकृती मी वहीत तीनदा बिनचूक काढली होती, हे सांगण्यात त्या क्षणी काहीच अर्थ नव्हता.

गोव्यात वैद्यकीय, दंत, आयुर्वेद, परिचर्या किंवा भौतिकोपचार यांपैकी कोणत्याही अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षात पाऊल ठेवलेल्या आणि प्राथमिक शिक्षण मराठीतून झालेल्या विद्यार्थ्यांना डोळ्यांसमोर ठेवून हा लेख लिहिला आहे. तुम्ही इंग्रजीत वाचता, पण विचार बहुधा मराठीत किंवा कोकणीत करता. गोंधळाची सुरुवात तिथूनच होते. माझे म्हणणे एवढेच आहे की हातातील चेता आणि रक्तवाहिन्या यादी म्हणून पाठ करू नयेत, रस्ता म्हणून चालून पाहाव्यात. इथले जवळजवळ प्रत्येक नाव एखादी जागा सांगते, आणि जागा कळली की नाव आपोआप लक्षात राहते.

काय काय जवळ हवे

हाडांचा संच सर्वांत महत्त्वाचा आहे. तो वरच्या वर्गातील कोणाकडून तरी वर्षभरासाठी मागून घ्यावा. संपूर्ण संच मिळाला नाही तरी गळपट्टीचे हाड, खांद्याचे पाते, दंडाचे हाड म्हणजे ह्यूमरस, कोपरापुढची दोन हाडे म्हणजे रेडियस आणि अल्ना, आणि तारेत ओवलेला हाताचा पंजा एवढे तरी हवेच. त्याखेरीज शिंपी वापरतात तशा लाल, निळ्या आणि पिवळ्या रंगाच्या बारीक फिती, त्वचेवर काढून सहज पुसता येईल अशी पेन्सिल, रेषा नसलेली मोठी वही, पांढरा कोट, हातमोजे आणि शवविच्छेदनाचा छोटा संच लागेल. त्या संचातील धारदार सुरीपेक्षा बोथट टोकाचा चिमटा तुम्हाला अधिक उपयोगी पडेल, कारण चेता कापून नव्हे, तर सभोवतालची चरबी हलकेच बाजूला सारून शोधायची असते. शेवटची गरज एका मित्राची किंवा मैत्रिणीची: जिच्या मनगटावर, कोपरावर आणि दंडावर तुम्हाला रोज पाच मिनिटे बोट ठेवता येईल.

१. ‘शीर’ या शब्दाचे चार तुकडे करा

आपण जिला शीर किंवा नस म्हणतो तिच्यात चार वेगवेगळ्या गोष्टी एकत्र झालेल्या असतात. मेंदू आणि मज्जारज्जूकडून संदेश नेणारी व आणणारी ती चेता. हृदयाकडून रक्त आणणारी ती धमनी. रक्त हृदयाकडे परत नेणारी ती नीला. स्नायूला हाडाशी बांधणारी, मनगटावर मूठ वळताच ताठ उभी राहणारी ती कंडरा, जी वास्तविक या मंडळींपैकी नव्हेच. मराठी पुस्तकांतही शब्दांची एकवाक्यता नाही. कुठे चेतेला तंत्रिका म्हटलेले आढळते, कुठे धमनीला रोहिणी, तर कुठे नीलेलाच शिरा म्हटलेले असते. तुम्ही मनाशी एक संच पक्का करा आणि प्रत्येकापुढे इंग्रजी नाव जोडून ठेवा, कारण उत्तरपत्रिकेत तेच लागणार आहे.

चित्रांत धमनी लाल, नीला निळी आणि चेता पिवळी असते. टेबलावरील देहात मात्र सारेच करड्या-तपकिरी रंगाचे दिसते. पहिल्या आठवड्यात विद्यार्थी हताश होतात ते यामुळे. तेथे डोळ्यांवर कमी आणि बोटांवर अधिक विसंबावे. धमनीची भिंत जाड असते. ती चिमटीत दाबून सोडली की पुन्हा गोल होते. नीला पातळ भिंतीची आणि चपटी असते, आणि तिच्यात पुष्कळदा काळपट गोठलेले रक्त दिसते. चेता भरीव असते, चिमटीत दाबली तरी चपटी होत नाही, आणि नीट पाहिले तर तिच्यावर लांबीच्या दिशेने रेशमाच्या लडीसारख्या बारीक रेघा दिसतात. कंडरा चकचकीत पांढरी आणि कठीण असते, आणि एका टोकाकडे शोधत गेल्यास ती स्नायूत शिरताना सापडतेच. वस्तू हाती येताच नाव सांगण्याची घाई न करता प्रथम या चारांपैकी ती कोण, एवढे ठरवण्याची सवय लावा. मला हे कोणी आधी सांगितले असते तर ती तोंडी परीक्षा वाचली असती.

२. हाताचे भाग आणि दिशा निश्चित करा

मराठीत खांद्यापासून बोटांपर्यंत सगळा हातच. शरीररचनाशास्त्रात मात्र ‘आर्म’ म्हणजे खांद्यापासून कोपरापर्यंतचा दंड, ‘फोरआर्म’ म्हणजे कोपरापासून मनगटापर्यंतचा भाग, आणि ‘हँड’ म्हणजे मनगटापुढचा पंजा. प्रश्न दंडातील धमनीचा असताना मनगटातील धमनीचे उत्तर लिहिणारे विद्यार्थी दरवर्षी निघतात.

दिशांसाठी एकच नियम आहे: माणूस समोर उभा, हात बाजूला सोडलेले, तळवे पुढे. या स्थितीत अंगठा बाहेरच्या बाजूला आणि करंगळी शरीराच्या बाजूला येते. टेबलावर हात कसाही वळलेला असला तरी ‘लॅटरल’ म्हणजे अंगठ्याची बाजू आणि ‘मीडियल’ म्हणजे करंगळीची बाजू हे बदलत नाही. सुटा हात समोर आला की प्रथम तो उजवा की डावा हे ठरवा आणि मगच बोला.

३. धमनीपासून सुरुवात करा

बहुतेक पुस्तके चेताजालापासून सुरू होतात. माझे मत वेगळे आहे: धमनी आधी शिकावी, कारण काखेत चेतांच्या जागा धमनीच्या संदर्भानेच सांगितल्या जातात, आणि धमनी ही एकच सलग वाट असल्यामुळे ती सोपीही आहे.

सत्तरीत जिला म्हादई म्हणतात तीच नदी पणजीला पोहोचेपर्यंत मांडवी झालेली असते. पाणी तेच, नाव बदललेले. हाताच्या मुख्य धमनीचेही तसेच आहे. गळपट्टीच्या हाडामागे ती सबक्लेव्हियन असते, पहिल्या बरगडीची बाहेरची कड ओलांडली की अ‍ॅक्सिलरी होते, आणि टेरीस मेजर या स्नायूची खालची कड ओलांडली की ब्रेकियल होते. कोपराच्या खळग्यात, रेडियस हाडाच्या मानेच्या पातळीवर, तिचे रेडियल आणि अल्नर असे दोन फाटे होतात. हद्दीच्या या तीन खुणा तोंडपाठ हव्यात, कारण परीक्षक धमनीवर बोट ठेवून नाव विचारतात तेव्हा प्रत्यक्षात ते हद्दच विचारत असतात. उजवी सबक्लेव्हियन ब्रेकियोसेफॅलिक धमनीतून निघते आणि डावी थेट महाधमनीच्या कमानीतून, हा फरकही लक्षात असू द्या.

अ‍ॅक्सिलरी धमनीच्या समोरून पेक्टोरॅलिस मायनर हा स्नायू आडवा जातो आणि तिचे तीन भाग पाडतो. पहिल्या भागातून एक शाखा निघते, दुसऱ्यातून दोन आणि तिसऱ्यातून तीन; शरीराने इतका सोयीचा हिशेब क्वचितच ठेवला आहे. पहिली सुपीरियर थोरॅसिक. मग थोरॅकोअ‍ॅक्रोमियल आणि लॅटरल थोरॅसिक. मग सबस्कॅप्युलर आणि दंडाच्या हाडाला पुढून व मागून वळसा घालणाऱ्या दोन सर्कमफ्लेक्स ह्यूमरल. ब्रेकियल धमनीची सर्वांत मोठी शाखा प्रोफंडा ब्रेकी. ती रेडियल चेतेला सोबत घेऊन दंडाच्या मागच्या बाजूस जाते, आणि ही जोडी आपल्याला पुढे पुन्हा भेटणार आहे.

पंजात दोन कमानी आहेत. वरवरची कमान मुख्यत्वे अल्नर धमनीची आणि खोल कमान मुख्यत्वे रेडियल धमनीची. कुंभारजुव्याच्या कालव्याने मांडवी आणि झुआरी जोडल्या आहेत, तशा या कमानींनी दोन धमन्या जोडल्या जातात. एका बाजूचा प्रवाह अडला तरी दुसऱ्या बाजूने बोटांना रक्त मिळते. ही जोडणी प्रत्येकाच्या हातात सारखी पक्की नसते, म्हणून मनगटाच्या रेडियल धमनीतून रक्त घेण्यापूर्वी किंवा तिच्यात नळी घालण्यापूर्वी १९२९ मध्ये एडगर अ‍ॅलन यांनी वर्णन केलेल्या चाचणीचा सुधारित प्रकार करतात. मित्राला मूठ घट्ट आवळायला सांगा, मनगटावरील दोन्ही धमन्या दाबून धरा, मूठ उघडायला सांगा, आणि केवळ अल्नर धमनीवरचे बोट उचला. फिकट पडलेला तळवा साधारण ५ ते १० सेकंदांत पुन्हा गुलाबी झाला पाहिजे.

वाट चालून झाली की नाडीचे ठोके शोधा. दंडाच्या आतल्या बाजूला, बायसेप्स स्नायूच्या कडेने. कोपराच्या खळग्यात बायसेप्सच्या कंडरेच्या आतल्या बाजूला, जिथे रक्तदाब मोजताना स्टेथोस्कोप ठेवतात. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला. आणि अंगठा ताणून वर केल्यावर त्याच्या बुडाशी जो तपकिरीच्या चिमटीएवढा खळगा पडतो त्यात. या शेवटच्या जागी रेडियल धमनी असते हे विद्यार्थी हमखास विसरतात.

४. नीला स्वतःच्या हातावर शिका

वरच्या थरातील नीला पाहण्यासाठी टेबलाची गरज नाही. पंजाच्या मागच्या बाजूला नीलांचे जाळे असते. त्याच्या अंगठ्याकडच्या टोकातून सेफॅलिक नीला निघते, बाहेरच्या कडेने खांद्यापर्यंत जाते आणि डेल्टॉइड व पेक्टोरॅलिस मेजर या स्नायूंमधील खोबणीतून आत शिरून अ‍ॅक्सिलरी नीलेला मिळते. करंगळीकडच्या टोकातून बॅसिलिक नीला निघते, आतल्या कडेने वर जाते आणि दंडाच्या साधारण मध्यावर खोल आवरण भेदून आत जाते. कोपराच्या खळग्यात या दोघींना जोडणारी तिरपी मीडियन क्युबिटल नीला असते, आणि तपासणीसाठी रक्त बहुधा हिच्यातूनच काढतात.

नीलांतील झडपा पाहायच्या असतील तर विल्यम हार्वी यांनी १६२८ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग स्वतःवर करून पाहा. कोपराच्या वर पट्टी अशी बांधा की नीला फुगतील, पण मनगटावरील नाडी लागत राहील. फुगलेल्या नीलेवर जागोजागी बारीक गाठी दिसतील. त्या झडपांच्या जागा. एका बोटाने नीला दाबून धरा आणि दुसऱ्या बोटाने तिच्यातील रक्त वरच्या झडपेपलीकडे सारा. मधला भाग रिकामा राहतो, आणि खालचे बोट उचलताच तो खालून भरून येतो. रक्त नीलेतून एकाच दिशेने, म्हणजे हृदयाकडे वाहते, हे ज्या पुराव्याने सिद्ध झाले तो पुरावा तुमच्याच हातावर दिसतो. पट्टी मिनिटभरात सोडून टाका.

येथे परिचर्येच्या विद्यार्थ्यांनी थोडे थांबावे. मीडियन क्युबिटल नीलेच्या खाली बायसेप्सपासून निघालेला एक पातळ पण चिवट पडदा असतो, आणि त्याच्याखाली ब्रेकियल धमनी व मीडियन चेता असतात. सुई खोल गेली तर ती या दोघींपैकी एकीला लागू शकते. शिवाय काही माणसांत अल्नर धमनी फार वरून फुटते आणि त्या पडद्याच्या वरूनच जाते. ती नीलेसारखी भासते. म्हणून टोचण्यापूर्वी बोटाने ठोका लागतो का हे पाहावे. ठोका लागला तर ती नीला नव्हे.

५. चेताजाल काढण्याआधी त्याची जागा पाहा

बाहूचे चेताजाल, म्हणजे ब्रेकियल प्लेक्सस, मानेतील सी ५ ते सी ८ आणि छातीतील टी १ या पाच चेतामुळांपासून बनते. पहिला खड्डा येथेच आहे: मानेत मणके सात, पण मानेच्या चेता आठ. सी ८ ही चेता सातव्या मणक्याच्या खालून निघते. ‘आठवा मणका’ असे तोंडून निघाले की पुढची पाच मिनिटे कठीण जातात.

पाच मुळे, तीन खोडे, सहा विभाग, तीन रज्जू आणि पाच मुख्य शाखा हा क्रम सर्वांनाच पाठ असतो. परंतु यातील प्रत्येक पायरी शरीरात एका ठराविक ठिकाणी आहे, आणि ते ठिकाण वहीतील आकृतीत दिसत नाही. मुळे मानेत स्केलीनस अँटीरियर आणि स्केलीनस मीडियस या दोन स्नायूंच्या फटीतून बाहेर पडतात. सबक्लेव्हियन धमनीही त्याच फटीतून जाते, नीला मात्र पुढच्या स्नायूच्या समोरून जाते. खोडे मानेच्या बाजूच्या त्रिकोणात असतात. विभाग गळपट्टीच्या हाडामागे होतात. रज्जू काखेत, अ‍ॅक्सिलरी धमनीच्या दुसऱ्या भागाभोवती असतात, आणि त्यांची लॅटरल, मीडियल व पोस्टीरियर ही नावे केवळ ते धमनीच्या कोणत्या बाजूला आहेत एवढेच सांगतात. धमनी आधी शिका असा आग्रह मी धरला तो यासाठी.

आता आकृती काढा. सी ५ आणि सी ६ मिळून वरचे खोड, सी ७ एकटे मधले, सी ८ आणि टी १ मिळून खालचे. प्रत्येक खोडाचा एक पुढचा आणि एक मागचा विभाग होतो. मागचे तिन्ही विभाग मिळून पोस्टीरियर रज्जू होतो, हे प्रथम काढावे, कारण त्यात विसरण्यासारखे काही नाही. वरच्या आणि मधल्या खोडाचे पुढचे विभाग मिळून लॅटरल रज्जू, आणि खालच्या खोडाचा पुढचा विभाग एकटाच मीडियल रज्जू म्हणून पुढे जातो. पोस्टीरियर रज्जूतून अ‍ॅक्सिलरी आणि रेडियल चेता निघतात, लॅटरलमधून मस्क्युलोक्युटेनियस, मीडियलमधून अल्नर, आणि मीडियन चेतेला लॅटरल व मीडियल या दोघांकडून एकेक मूळ मिळते. क्वचित सी ४ किंवा टी २ यांचाही जालात मोठा वाटा असतो, तेव्हा टेबलावरचे जाल चित्राशी जुळले नाही तर लगेच स्वतःला दोष देऊ नका.

टेबलावर हे जाल शोधण्याची युक्ती मला एका वरिष्ठ मित्राने शिकवली, आणि ती मी आजवर कोणत्याही आकृतीपेक्षा मौल्यवान मानतो. वरून खाली येऊ नका. दंडात कोराकोब्रॅकियॅलिस हा स्नायू शोधा आणि त्याला भेदून जाणारी चेता पकडा. ती मस्क्युलोक्युटेनियसच असते. तिच्या मागोमाग वर जा, की लॅटरल रज्जू मिळेल. त्याच रज्जूचा दुसरा फाटा धरून खाली या, की मीडियन चेता मिळेल. तिचे दुसरे मूळ धरून पुन्हा वर जा, की मीडियल रज्जू सापडेल, आणि त्यातून खाली येणारा दुसरा जाड दोरा म्हणजे अल्नर. अ‍ॅक्सिलरी धमनीसमोर इंग्रजी ‘एम’ अक्षरासारखी आकृती उभी राहते. मग धमनी हलकेच पुढे ओढा; तिच्यामागे पोस्टीरियर रज्जू आणि त्यातून निघालेली जाडजूड रेडियल चेता दिसेल.

६. पाच चेतांच्या धोक्याच्या वळणांवर फिती बांधा

हाडांचा संच आता बाहेर काढा. चेता हाडाला चिकटून जाते किंवा अरुंद वाटेतून जाते तिथेच तिला इजा होते, आणि परीक्षेतील प्रश्नही तिथूनच निघतात.

अ‍ॅक्सिलरी चेता ह्यूमरसच्या वरच्या टोकाखालील मानेला, म्हणजे सर्जिकल नेकला, मागून वळसा घालते आणि मागची सर्कमफ्लेक्स ह्यूमरल धमनी तिच्यासोबत असते. येथे एक पिवळी आणि एक लाल फीत गुंडाळा. हाड येथे मोडले किंवा खांदा निखळला तर डेल्टॉइड लुळा पडू शकतो. खांद्याच्या टोकाच्या हाडाखाली साधारण ५ सेंटीमीटरवरून ही चेता जाते, म्हणून दंडात इंजेक्शन देण्याची जागा बोटांनी मोजूनच ठरवावी.

रेडियल चेता ह्यूमरसच्या मागच्या पृष्ठभागावरील तिरप्या खोबणीतून प्रोफंडा ब्रेकी धमनीसह उतरते. हाड मध्यावर मोडले तर मनगट लोंबू शकते. खुर्चीच्या पाठीवर हात टाकून गाढ झोपलेल्या माणसाचेही सकाळी हेच होते. येथे परीक्षकांचा आवडता उपप्रश्न आहे: मनगट लोंबत असूनही कोपर सरळ का करता येते? कारण कोपर सरळ करणाऱ्या ट्रायसेप्स स्नायूला जाणाऱ्या बहुतेक शाखा खोबणीत शिरण्याआधीच फुटलेल्या असतात. ‘शाखा कुठे फुटली’ हे ‘शाखा कोणती’ याहून महत्त्वाचे असते, हे मला या एका प्रश्नाने शिकवले.

अल्नर चेता कोपराच्या आतल्या उंचवट्यामागून, कातडीच्या अगदी खालून जाते. शाळेच्या बाकावर कोपर आपटून करंगळीपर्यंत झिणझिण्या आल्या, ती हीच. पुढे मनगटावर ती फ्लेक्सर रेटिनॅक्युलम या आडव्या पट्ट्याच्या वरून जाते. मीडियन चेता मात्र त्याच्या खालून, नऊ कंडरांच्या गर्दीतून जाते. रात्री अंगठा, तर्जनी आणि मधले बोट बधिर होऊन जाग येते अशी माझ्या मावशीची तक्रार होती. करंगळी कशी आहे असे विचारल्यावर ती अगदी ठीक असल्याचे तिने सांगितले, आणि पट्ट्याच्या वरची वाट व खालची वाट हा भेद मला त्या दिवशी खऱ्या अर्थाने कळला. मीडियन चेतेची तळव्याच्या त्वचेला जाणारी शाखा पट्ट्याच्या आधीच फुटून वरून जाते, म्हणून अशा रुग्णाच्या बोटांची संवेदना कमी झाली तरी तळव्याच्या मध्याची शाबूत राहते.

मस्क्युलोक्युटेनियसला स्वतंत्रपणे इजा क्वचितच होते. तिच्यावर फार वेळ घालवू नका. कोपराच्या खळग्यातील क्रम मात्र आतून बाहेर असा पाठ करा: मीडियन चेता, ब्रेकियल धमनी, बायसेप्सची कंडरा, रेडियल चेता. दंडाच्या वरच्या भागात मीडियन चेता धमनीच्या बाहेरच्या बाजूला असते आणि मध्यावर तिला ओलांडून आत येते, हे लक्षात असले तर या क्रमात चूक होत नाही.

७. मित्राच्या हातावर तीन तपासण्या करा

मनगट आणि अंगठा वर उचलता येत असेल तर रेडियल चेता ठीक आहे. अंगठा आणि तर्जनीची टोके जुळवून गोल वर्तुळ करता येत असेल तर मीडियन चेतेची खोल शाखा ठीक आहे. बोटे फाकवून तशीच धरता येत असतील, किंवा दोन बोटांत धरलेला कागद ओढूनही निसटत नसेल, तर अल्नर ठीक आहे. संवेदनेसाठी तर्जनीचे टोक मीडियनचे, करंगळीचे टोक अल्नरचे, आणि अंगठा व तर्जनीमधील बेचक्याची मागची बाजू रेडियलची. तळव्याच्या बाजूने अंगठ्याकडची साडेतीन बोटे मीडियनकडे आणि उरलेली दीड अल्नरकडे असतात. ही वाटणी अनामिकेच्या मधोमध होते.

८. इजेवरून उलट चालत या

माडावरून घसरलेला पाडेली, म्हणजे नारळ पाडणारा, हाताला लागेल ती झावळ धरतो, आणि सगळ्या देहाचा भार त्या एका वर ताणलेल्या हातावर येतो. चेताजालाचा कोणता भाग ताणला जाईल? खालचा, म्हणजे सी ८ आणि टी १. पंजातील लहान स्नायू दुबळे पडतात, बोटे नखीसारखी वळतात, आणि टी १ मुळाजवळील सहानुकंपी (सिम्पथेटिक) धागे तुटले असतील तर त्याच बाजूची पापणी उतरते व बाहुली लहान होते. हे वर्णन १८८५ मध्ये ऑगस्टा क्लुम्पके यांनी केले, आणि त्या तेव्हा स्वतः विद्यार्थिनी होत्या.

आता दुसरा प्रसंग घ्या. पायलटच्या, म्हणजे मोटारसायकल-टॅक्सीवाल्याच्या, मागे बसलेला प्रवासी मोटारसायकलवरून फेकला जातो आणि खांद्यावर आपटतो. मान एका बाजूला आणि खांदा दुसऱ्या बाजूला ओढला जातो. येथे वरचे खोड ताणले जाते. हात शरीराला लागून लोंबतो, आत वळतो, कोपर सरळ राहते आणि तळवा मागे वळतो. जणू कोणाच्या नकळत मागून चिरीमिरी घेण्यासाठी हात पसरला आहे. कठीण बाळंतपणात मान ताणली गेलेल्या अर्भकातही हाच प्रकार दिसतो, आणि १८७४ मध्ये विल्हेल्म एर्ब यांनी वरच्या खोडाच्या इजेचा जो अभ्यास मांडला त्यावरून त्याला एर्बचे नाव मिळाले.

या टप्प्यातील सर्वांत मोठी फसगत अल्नर चेतेची आहे. इजा जितकी वर तितकी विकृती अधिक, असे आपल्याला सहज वाटते. येथे उलट घडते. मनगटाशी अल्नर तुटली तर करंगळी आणि अनामिका जास्त वाकतात, कोपराशी तुटली तर कमी. कारण या दोन बोटांची टोके वाकवणारा खोल स्नायू कोपराखालीच अल्नरकडून पुरवठा घेतो. मनगटाशी इजा झाली तर तो जिवंत राहून बोटे ओढत राहतो. कोपराशी झाली तर तोही लुळा पडतो, आणि ओढायला कोणी उरत नाही. हे उत्तर पाठ करू नका. फितीने अल्नरची वाट लावून, शाखा कुठे फुटते ते हाडावर पाहून स्वतः काढा.

९. टेबलापाशी आणि परीक्षेत

ज्यांनी देहदान केले त्यांच्यामुळे हा सगळा अभ्यास शक्य होतो, म्हणून टेबलापाशी मोबाइल बाहेर काढू नये, आणि छायाचित्र तर मुळीच घेऊ नये. विच्छेदनाच्या आदल्या रात्री केवळ त्या दिवसाची वाट वाचून जा. काखेत प्रथम नीलांच्या लहान शाखा काढून टाकाव्या लागतात, अन्यथा चेता दिसत नाहीत. पण त्या काढताना थोरॅकोडॉर्सल किंवा लाँग थोरॅसिक चेता कापली जाण्याची शक्यता असते. छातीच्या भिंतीवर सेराटस अँटीरियर या स्नायूला चिकटून सरळ खाली उतरणारा बारीक धागा दिसला तर चिमटा बाजूला ठेवून आधी शिक्षकांना दाखवा. तीच लाँग थोरॅसिक, आणि जिवंत माणसात ती तुटली तर खांद्याचे पाते पंखासारखे मागे उभे राहते.

तोंडी परीक्षेत वस्तू दाखवली गेली की चार गोष्टी याच क्रमाने सांगा: ही चेता आहे, धमनी आहे की नीला, कुठून आली, कशाच्या पुढून किंवा मागून जाते, आणि कुठे जाते. नाव सर्वांत शेवटी आले तरी चालते, आणि पुष्कळदा ही चार वाक्ये बोलत असतानाच ते आठवते. दुसऱ्या खेपेस माझ्यासमोर परीक्षकांनी पुन्हा काखेतील तसाच दोरा उचलला. मी प्रथम तो चिमटीत दाबून पाहिला, चपटा होत नाही हे पाहिले, मग बोटाने वर जात जात तो मीडियल रज्जूपर्यंत नेला आणि खाली येत कोपराच्या उंचवट्यामागे सोडला. नाव मी सांगण्याआधीच त्यांनी चिमटा खाली ठेवला होता.